कढीलिंबाचे पान : कोवळे की जून?

आजच्या भाषणाचा विषय कढीलिंबाचे पान हा आहे, हे ऐकून आपल्यापैकी कित्येकांस हसू आले असेल. पंधरा मिनिटे बोलण्याजोगे त्या पानात आहे तरी काय? फोडणीत तडतडले, आमटीत शिरले आणि जेवताना ताटाच्या कडेस जाऊन बसले, इतकेच त्याचे चरित्र! छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना अंकगणित व सृष्टिज्ञान शिकवीत असता मीही या पानाकडे कधी निरखून पाहिले नव्हते. परंतु दोन वर्षांपूर्वी याच पानाने मला एक धडा शिकविला. तो मला ज्या क्रमाने मिळाला, त्याच क्रमाने आपणांस सांगावा, असा माझा विचार आहे.

मला मधुमेह आहे. गेली अकरा वर्षे सकाळ-सायंकाळ गोळी घेतो. निवृत्त मनुष्याजवळ वेळ पुष्कळ आणि सल्लागार त्याहून पुष्कळ. पहाटे फिरावयास जाणाऱ्या आमच्या मंडळीत एका स्नेह्यांनी सांगितले की, रोज अनशापोटी कढीलिंबाची दहा पाने चावून खाल्ली म्हणजे साखर ताब्यात येते. परसात झाड होतेच. दुसऱ्या दिवसापासून मी पाने खाऊ लागलो. महिन्याभरात अंग हलके झाल्यासारखे वाटू लागले. आणि माणसाला जे वाटावे अशी इच्छा असते, ते वाटावयास फारसा वेळ लागत नाही. एके दिवशी मी कोणास न विचारता सायंकाळची गोळी बंद केली. घरातही सांगितले नाही.

तीन महिन्यांनी रक्त तपासले. मागील तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखविणारा जो आकडा असतो, तो पूर्वी ७.१ होता, तो ८.९ वर जाऊन पोचला. आमचे डॉक्टर हे माझेच एके काळचे विद्यार्थी. त्यांच्यापुढे मला सर्व कबूल करावे लागले. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "गुरुजी, दहा पाने म्हणजे किती?"

मी म्हणालो, "दहा म्हणजे दहा."

"कोवळी की जून? शेंड्याची की खालची? त्यांचे वजन किती? मी दिलेली गोळी ५०० मिलिग्रॅमची आहे. ती आजही तेवढीच आणि सहा महिन्यांनीही तेवढीच. आपल्या पानाचे तसे आहे काय?" आणि मग हसून म्हणाले, "चौथीत असताना उत्तरापुढे एकक लिहिले नाही म्हणून आपण माझा अर्धा गुण कापला होता."

मी निरुत्तर झालो. गोळी त्याच सायंकाळपासून पुन्हा सुरू केली. पण त्यांचा प्रश्न मनातून जाईना. दहा पाने म्हणजे किती? मी काही रसायनशास्त्रज्ञ नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तथापि मोजणे हा माझा जन्माचा व्यवसाय. तेव्हा एके सकाळी स्वयंपाकघरातील काटा घेऊन मी परसात गेलो.

तेथे गेल्यावर पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी की, आपण ज्याला पान म्हणतो ते पान नव्हेच. ज्या लांब काडीवर दोन्ही बाजूंनी पंधरा-वीस पाने ओळीने बसलेली असतात, ती संपूर्ण काडी म्हणजेच वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एक पान होय. आणि आपण बोटांनी ओरबाडून फोडणीत टाकतो त्या त्याच्या पर्णिका. याची खूण सोपी आहे. खऱ्या पानाच्या बगलेत डोळा असतो व त्यातून पुढे फांदी फुटते. कढीलिंबाच्या काडीच्या बगलेत तो सापडतो. एकेका पर्णिकेच्या बगलेत कितीही शोधला तरी सापडत नाही. ही केवळ शब्दांची चिकित्सा नव्हे. यावरून असे कळते की एका काडीवरील सर्व पर्णिका जवळजवळ एकाच वयाच्या असतात. लहानथोर पाने निवडावयाची तर ती एका काडीवर नव्हे, तर फांदीच्या शेंड्यापासून बुडख्याकडे येत निवडली पाहिजेत.

तशी मी निवडली. शेंड्याच्या काड्यांवरील पोपटी, मऊ पर्णिका शंभर मोजल्या व काट्यावर ठेवल्या. वजन भरले ४ ग्रॅम. खालच्या काड्यांवरील गर्द हिरव्या, पूर्ण वाढलेल्या शंभर पर्णिका ठेवल्या; त्यांचे वजन ११ ग्रॅम. म्हणजे माझी दहा पाने कोवळी असतील त्या दिवशी अर्ध्या ग्रॅमहून कमी, आणि जून असतील त्या दिवशी एक ग्रॅमहून अधिक! पानात काय आहे हा प्रश्न अजून दूरच. नुसत्या वजनातच जवळजवळ तिपटीचा फरक पडला.

आता पानात काय आहे ते पाहू. नावात लिंब असला तरी कढीलिंब हा कडुलिंबाचा सगासोयरा नव्हे. लिंबू, संत्रे आणि बेल यांच्या कुळातला तो आहे. खात्री करून घ्यावयाची असेल तर आज रात्री एक पान दिव्यासमोर धरून पाहावे. त्यात सुईच्या टोकाएवढे असंख्य चकचकीत ठिपके दिसतील. लिंबाच्या पानातही तसेच दिसतात. या सुगंधी तेलाच्या इवल्याशा पिशव्या होत. पान चुरडले की त्या फुटतात आणि घमघमाट सुटतो.

सुगंधी तेलाखेरीज या झाडात आणखी एक निराळे द्रव्यसमूह आहेत. त्यांची हकीकत मोठी मनोरंजक आहे. १८७२ साली ग्रेबे व ग्लासर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांना दगडी कोळशाच्या डांबरात कार्बाझोल नावाचा पदार्थ सापडला. पुढे सुमारे नव्वद वर्षांनी, १९६५ च्या सुमारास, कलकत्त्याच्या संशोधकांनी कढीलिंबाच्या सालीतून एक द्रव्य वेगळे काढले, तेव्हा त्याच्या रेणूची बैठक तीच, म्हणजे कार्बाझोलची, निघाली. डांबरातली रचना आपल्या परसातल्या झाडात! त्यानंतर अशी अनेक द्रव्ये मिळाली. १९७० च्या आगेमागे पुणे विद्यापीठात प्राध्यापक नरसिंहन व त्यांचे सहकारी यांनी त्यांपैकी कित्येकांची रचना उलगडून दाखविली. या द्रव्यांची नावे ऐकण्याजोगी आहेत : महानिंबीन, गिरिनिंबीन, कोएनिंबीन. महानिंब व गिरिनिंब ही संस्कृत नावे. तिसऱ्या नावातील 'कोएन' म्हणजे कोएनिग. लिनिअसचा हा शिष्य १७६८ साली दक्षिणेतील तरंगंबाडी येथे डेन्मार्कच्या वसाहतीत आला व वनस्पती गोळा करीत हिंदुस्थानातच १७८५ साली वारला. कढीलिंबाच्या शास्त्रीय नावातही तो कायमचा राहिला आहे.

याखेरीज प्रत्येक हिरव्या पानात असते ते कॅरोटीन, ज्यापासून शरीर जीवनसत्त्व अ बनविते. तुरट चवीची फिनॉल जातीची द्रव्ये, जी पदार्थाचे विटणे रोखतात. आणि चुना, म्हणजे कॅल्शियम. शंभर ग्रॅम ताज्या पानांत कॅल्शियम ६०० ते ८०० मिलिग्रॅमांच्या घरात असते. आकडा मोठा आहे. पण शंभर ग्रॅम म्हणजे माझ्या काट्याप्रमाणे नऊशेहून अधिक जून पर्णिका, हे विसरता कामा नये.

आता मूळ प्रश्न : ही सर्व द्रव्ये कोवळ्या पानात अधिक की जून पानात? मला वाटले होते, एका शब्दात उत्तर मिळेल. तसे ते मिळत नाही, आणि का मिळत नाही हीच यातील समजून घेण्याजोगी गोष्ट आहे. पानाच्या पोटातील प्रत्येक द्रव्याचा जमाखर्च निराळा असतो.

कॅल्शियमचा विचार करा. मुळांनी ओढलेल्या पाण्याबरोबर ते पानात येते. पाणी वाफ होऊन उडून जाते आणि कॅल्शियम मागे राहते. एकदा पानात उतरलेले कॅल्शियम झाडास परत नेता येत नाही. नत्र, पालाश व स्फुरद मात्र पान गळण्यापूर्वी झाड बव्हंशी काढून घेते. बदली झालेल्या कुटुंबाने भांडीकुंडी बरोबर न्यावी आणि जड जाते जागच्या जागी सोडून जावे, तसाच हा प्रकार. अर्थात् पान जितके जून तितके त्यात कॅल्शियम अधिक. परंतु त्यातील बराच भाग ऑक्झॅलेटच्या रूपात जखडलेला असतो. तो आपल्या आतड्यास सहजासहजी मिळत नाही.

कॅरोटीनची गोष्ट निराळी. ते हरितद्रव्याचे सोबती. कोवळ्या फिक्या पानात ते बेताचे असते, पान गर्द हिरवे होईतो वाढत जाते, आणि पान म्हातारे झाले की उतरू लागते. पिवळ्या पडलेल्या पानाचा पिवळा रंग या जातीच्याच रंगद्रव्यांचा असतो; हरितद्रव्य आधी गेले आणि हे मागे उरले, म्हणून ते दिसू लागले, एवढेच.

तुरट, कडवट अशी जी रक्षक द्रव्ये, त्यांचा न्याय पुन्हा निराळा. कोवळे पान मऊ, रसाळ व पोषक; त्याच्या अंगात अजून चोथा भरलेला नसतो. कीड प्रथम धावते ती त्यावर. म्हणून पुष्कळ वनस्पती आपले रासायनिक संरक्षण कोवळ्या पानांत दाट ठेवतात. चहाच्या मळ्यात 'दोन पाने व एक कळी' खुडतात ती उगीच नव्हे. खालच्या जून पानांपेक्षा कळीत व पहिल्या पानात कॅफिन व चहाची विशिष्ट तुरट द्रव्ये अधिक असतात, हे पुष्कळ वेळा मोजून ठरलेले आहे. जून पानाचे संरक्षण मुख्यतः त्याचा चिवटपणा करतो.

आमच्या झाडावर हा सामना रोज पाहावयास मिळतो. पांढऱ्या-काळ्या, पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आपण कढीलिंबावर पाहिल्या असतील. त्या लिंबूवर्गावर जगणाऱ्या फुलपाखरांच्या अळ्या होत. मादी पानावर उतरते, पुढच्या पायांनी जणू चव घेते, आणि झाड आपलेच अशी पानातील द्रव्यांवरून ओळख पटली की कोवळ्या पालवीवर अंडे घालते. इतर किड्यांना दूर ठेवणारी द्रव्ये या फुलपाखरास घराचा पत्ता सांगतात!

सुगंधी तेलाविषयी मी माझ्या नाकाचा दाखला देतो. लिंबूवर्गात तेलाच्या पिशव्या पान लहान असतानाच बनू लागतात; पान पसरते तसतसे ठिपके एकमेकांपासून दूर जातात. तथापि पिशवी बनणे वेगळे व भरणे वेगळे. आमच्या झाडाच्या अगदी शेंड्याचे पान चुरडले तर हिरवट, गवतासारखा वास येतो. नुकत्याच पूर्ण वाढलेल्या गर्द पानास खरा कढीलिंबाचा वास. फार जून, कडक झालेल्या पानास तो पुन्हा मंद. त्यातही झाडाझाडांत भेद आहे. निरनिराळ्या प्रदेशांतील पानांचे तेल काढून पाहिले असता एकात एक घटक प्रमुख तर दुसऱ्यात भलताच प्रमुख, असे आढळून आले आहे. महानिंबीनादी द्रव्यांचेही तसेच. पानाचे वय, झाडाची जात, ऋतू आणि जमीन यांप्रमाणे त्यांचे प्रमाण पालटते.

सारांश, सर्व गुणांचे शिखर एकाच दिवशी गाठणारे पान कोठेही नाही. एक द्रव्य चढत असते तेव्हा दुसरे उतरत असते. आणि मी मात्र अमावास्येला खुडलेली दहा कोवळी पाने आणि पौर्णिमेला खुडलेली दहा जून पाने एकच औषध समजून चावीत होतो!

मग या पानाचा मधुमेहावर काहीच परिणाम नाही काय? तसे म्हणणेही बरोबर होणार नाही. प्रयोगशाळेतील उंदरांना या पानांचा अर्क दिला असता रक्तातील साखर उतरल्याचे अनेकदा नमूद झाले आहे. पण अर्क निराळा, पान निराळे, आणि उंदीर तर सर्वस्वी निराळा. माणसांवर झालेले प्रयोग थोडे व लहान आहेत. त्यांतील एक बडोद्याचा, १९९० साली प्रसिद्ध झालेला. तीस मधुमेही रुग्णांना महिनाभर रोज १२ ग्रॅम कढीलिंबाची पूड देण्यात आली. पंधराव्या दिवशी साखर काहीशी उतरलेली दिसली, पण ती उतरण टिकली नाही. आणि दीर्घकाळाची साखर दाखविणाऱ्या मापात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

आता येथे माझे अंकगणित उपयोगी पडले. ताज्या पानात शेकडा चौसष्टच्या आसपास पाणी असते. म्हणजे १२ ग्रॅम कोरडी पूड होण्यास सुमारे ३३ ग्रॅम ताजी पाने लागणार. माझ्या काट्याप्रमाणे ३३ ग्रॅम म्हणजे ३०० जून पर्णिका, किंवा कोवळ्या घेतल्यास आठशेहून अधिक! तीनशे पानांच्या पुडीने जे टिकाऊ काम झाले नाही, ते माझ्या दहा पानांनी व्हावे, अशी मी अपेक्षा धरली होती; आणि त्या अपेक्षेवर ५०० मिलिग्रॅमची खात्रीची गोळी सोडून दिली होती. हे गणित मी आधी मांडले असते, तर ८.९ हा आकडा पाहावा लागला नसता.

तरी पण श्रोतेहो, पानावर माझा राग नाही. चूक पानाची नव्हती. औषधाच्या गादीवरून खाली उतरविले म्हणजे कढीलिंब हे आपल्या स्वयंपाकघरातील एक उत्तम पान आहे, आणि त्याचे वय ओळखून ते वापरले तर अधिकच उत्तम. गृहिणींपुढे याविषयी मी बोलणे म्हणजे आगाऊपणा होईल; परंतु आमच्या घरी जी वहिवाट पडली आहे ती सांगतो.

कच्ची चटणी वाटावयाची असेल तेव्हा आम्ही कोवळी पाने घेतो. ती लवकर वाटली जातात व चोथा राहत नाही. फोडणीस पूर्ण वाढलेले, गर्द हिरवे पण अजून न कडकलेले पान. त्याचे सुगंधी तेल व कॅरोटीन ही दोन्ही स्निग्ध पदार्थांत विरघळणारी आहेत. म्हणून तेलात पान टाकण्याची आपली जुनी रीत शास्त्राच्या दृष्टीनेही योग्यच ठरते. मात्र तेल धुरावेपर्यंत तापवून पान काळे करू नये. सुगंध हवेत उडून जातो. कोरड्या चटणीसाठी जून पाने बरी, कारण त्यांत पाणी कमी. ती सावलीत वाळवावी. उन्हाने कॅरोटीन नाश पावते. पिवळी पाने झाडाच्या बुंध्याशी टाकावी. त्यांतील कॅल्शियम पुन्हा मातीस मिळते. खुडताना पर्णिका ओरबाडू नयेत. संपूर्ण काडी फांदीपासून काढावी, आणि मधूनमधून शेंडाही खुडावा, म्हणजे बगलेचे डोळे फुटून नवी पालवी येते. आणि शेवटची विनंती अशी की, ताटाच्या कडेला काढून ठेवलेले पान खाऊन टाकावे. सुगंध तेलात उतरला तरी चोथा, कॅल्शियम आणि कॅरोटीनचा मोठा भाग त्या पानातच राहतो. तेच बाहेर ठेवून कढीलिंबाचे गुण गाणे शोभत नाही.

असो. माझा आकडा सहा महिन्यांनी ७.२ वर आला. कढीलिंबाची पाने मी आजही खातो. पण जेवणात, आणि गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नव्हे. सकाळच्या मंडळीत पालेभाज्यांचे, बियांचे, काढ्यांचे सल्ले अजूनही निघतात. मी कोणाशी वाद घालीत नाही. फक्त तीन प्रश्न विचारतो : हे पान कोणत्या वयाचे, वजनाने किती, आणि त्याचा परिणाम कोणी मोजून पाहिला? आपणांसही कोणी असा सल्ला दिल्यास हेच तीन प्रश्न विचारावे, अशी माझी विनंती आहे. उत्तर मिळाले तर ते कागदावर लिहून आपल्या डॉक्टरांस दाखवावे. उत्तर न मिळाल्यास पान आमटीत टाकावे. गोळी मात्र टाकू नये.